कृत्रिम साहाय्यकाच्या हाती कोडची किल्ली

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील म्हसवड येथे १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. परवान्यासाठी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नामंजूर केला होता. कारण प्रवर्तक महिलांपैकी अनेकींना सही करता येत नव्हती, त्या अंगठा उठवत होत्या. महिलांनी अक्षरे गिरवली, अर्ज पुन्हा केला आणि परवाना मिळवला. पुढे डिजिटल व्यवहारांचे दिवस आले, तेव्हा याच बँकेच्या खातेदार महिलांनी 'पिन' क्रमांक नाकारला. आकडे लक्षात ठेवणे त्यांना अवघड जात असावे, असे बँकेच्या चालकांना प्रथम वाटले. महिलांचे म्हणणे निराळेच होते. पिन कोणीही चोरू शकेल आणि कष्टाचे पैसे काढून नेईल. अंगठा मात्र कोणाला चोरता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा यांनी २०१८ मध्ये 'टेड'च्या व्यासपीठावरून ही हकिकत जगाला ऐकवली.

अंगठ्याविषयीचा हा भरवसाही पुढे डळमळला, हे नमूद केले पाहिजे. जमिनीच्या दस्तांवरील बोटांचे ठसे उचलून, त्यांच्या रबरी प्रतिकृती बनवून आधारशी जोडलेल्या खात्यांतून पैसे काढल्याची प्रकरणे देशात उघडकीस आली. तथापि म्हसवडच्या महिलांचा मूळ प्रश्न बिनतोड होता : ही वस्तू दुसऱ्याच्या हाती पडली, तर तो माझ्या खात्यात काय काय करू शकेल? संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनी हाच प्रश्न स्वतःला विचारण्याची वेळ आता आली आहे. आपल्या कोडच्या कोठाराची किल्ली ते एका कृत्रिम साहाय्यकाच्या हाती देऊ लागले आहेत.

कोठार आणि नवा मदतनीस

आज्ञावलीतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी 'गिट' ही प्रणाली लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केली. या नोंदी महाजालावर साठवून अनेकांना एकत्र काम करता यावे, यासाठी २००८ मध्ये 'गिटहब' हे संकेतस्थळ सुरू झाले. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतले. 'गिटलॅब' आणि 'बिटबकेट' ही त्याच जातीची अन्य संकेतस्थळे. गिटहबच्या २०२५ च्या अहवालानुसार तेथे खाते असलेल्या भारतीयांची संख्या दोन कोटींहून अधिक आहे. पुण्याच्या हिंजवडीतील अभियंता आणि दहिवडीच्या महाविद्यालयातील विद्यार्थी दोघेही आपले कोड तेथेच ठेवतात. प्रत्येक प्रकल्पाचे कोठार वेगळे असते, त्याला रिपॉझिटरी म्हणतात. ते सर्वांना खुले ठेवता येते किंवा खासगी.

चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी, कोपायलट यांसारख्या साहाय्यकांचा वापर सुरू झाला, तेव्हा लोक कोडचा एखादा तुकडा उचलून संवादाच्या चौकटीत चिकटवत आणि मिळालेले उत्तर परत आपल्या धारिकेत नेत. काय द्यायचे आणि काय घ्यायचे, हे दरवेळी माणूस ठरवत असे. आता साहाय्यक थेट खात्याशी जोडला जातो. तो कोठार उघडतो, सर्व धारिका वाचतो, चुका शोधतो, दुरुस्ती लिहितो आणि ती कोठारात परत ठेवतो. अशा जोडणीसाठी ॲन्थ्रोपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' अर्थात 'एमसीपी' नावाची खुली पद्धत जाहीर केली. तिचा प्रसार इतक्या वेगाने झाला, की २०२५ मध्ये गिटहबने स्वतःच एमसीपी सर्व्हर उपलब्ध करून दिला.

सोय मोठी आहे, यात शंका नाही. एकट्याने काम करणाऱ्या तरुणाला जणू एक सहकारी मिळतो. पण हा सहकारी खात्यात शिरतो तो मालकाच्या नावाने. मालकाला जे जे करता येते ते सर्व त्यालाही करता येईल, की त्यातील थोडेच, हे जोडणी करताना घेतलेल्या चार-दोन निर्णयांवर ठरते. आणि नेमके तेच निर्णय बहुतेक जण घाईने, 'परवानगी द्या' या बटणावर टिचकी मारून उरकतात.

कुलमुखत्यार की खास मुखत्यार

माणदेश हा पोटासाठी बाहेर पडणाऱ्यांचा मुलूख. सोने-चांदी शुद्ध करण्याच्या गलाई व्यवसायासाठी खानापूर, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातील माणसे देशभर पसरली आहेत. गावाकडची जमीन पाहण्यासाठी मागे राहिलेल्या भावाच्या किंवा चुलत्याच्या नावे मुखत्यारपत्र करून द्यावे लागते, ही गोष्ट अशा घरांना नवी नाही. त्यातही कुलमुखत्यारपत्र आणि खास मुखत्यारपत्र यांतला फरक ठाऊक असतो. पहिल्याने समोरचा माणूस जमीन विकूही शकतो. दुसऱ्याने तो फक्त नेमून दिलेले एक काम करू शकतो. गिटहबच्या खात्यातील किल्ल्यांचेही असेच दोन वर्ग पडतात.

परवलीचा शब्द म्हणजे पासवर्ड साहाय्यकाला कधीच द्यायचा नसतो. तसे करण्याची गरजही उरलेली नाही. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबने कोड पाठविण्या-आणण्याच्या कामासाठी परवलीचा शब्द स्वीकारणेच बंद केले. त्याची जागा टोकनने घेतली. टोकन म्हणजे अक्षरे आणि अंकांची एक लांबलचक माळ. ती ज्याच्याजवळ असेल त्याला खातेदार मानले जाते. परवलीचा शब्द, मोबाइलवर येणारा क्रमांक वगैरे काहीही पुन्हा विचारले जात नाही. खात्याला दुहेरी पडताळणी लावलेली असली, तरी चोरलेल्या टोकनपुढे ती निरुपयोगी ठरते. हे ठाऊक नसल्याने पुष्कळ जण गाफील राहतात.

जुन्या पद्धतीच्या, 'क्लासिक' म्हटल्या जाणाऱ्या टोकनला 'रेपो' हा अधिकार दिला, की खातेदाराला पोहोचता येईल अशा प्रत्येक कोठारात, खासगी कोठारांसह, वाचण्याचा आणि लिहिण्याचा हक्क त्याला मिळतो. त्यात त्याचे स्वतःचे प्रकल्प आले, मित्राने सहभागी करून घेतलेला प्रकल्प आला आणि नोकरीच्या ठिकाणचा प्रकल्पही येऊ शकतो. हे कुलमुखत्यारपत्र झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये गिटहबने 'फाइन-ग्रेन्ड' टोकन चाचणीसाठी आणले आणि मार्च २०२५ मध्ये ते सर्वांसाठी रीतसर खुले केले. यात कोणती कोठारे उघडतील ते नावानिशी निवडता येते. कोडच्या धारिका, तक्रारींच्या नोंदी म्हणजे 'इश्यू', बदलांचे प्रस्ताव म्हणजे 'पुल रिक्वेस्ट' अशा प्रत्येक बाबीसाठी फक्त वाचन की वाचन-लेखन, हे वेगवेगळे ठरवता येते आणि मुदतही घालता येते. खात्याच्या 'सेटिंग्ज'मध्ये अगदी तळाशी 'डेव्हलपर सेटिंग्ज' असते, तेथे हे टोकन तयार होते. ते पडद्यावर एकदाच दिसते. हाती असलेले टोकन कोणत्या जातीचे, हे त्याच्या पहिल्या अक्षरांवरून ओळखता येते : जुने 'जीएचपी' या तीन अक्षरांनी सुरू होते, नवे 'गिटहब-पॅट' या शब्दांनी. मुदत नसलेले टोकनही घेता येते. तो मोह टाळावा. तीस दिवस पुष्कळ होतात.

साहाय्यकाच्या संकेतस्थळावरून 'गिटहबशी जोडा' म्हटल्यावर टोकन हाताने तयार करावे लागत नाही. पडद्यामागे ते आपोआप दिले जाते. येथेही दोन प्रकार आहेत. 'ओऑथ ॲप' प्रकारची जोडणी खासगी कोठारांचा अधिकार मागते तेव्हा ती जुन्या टोकनसारखीच सरसकट असते. 'गिटहब ॲप' प्रकारात मात्र 'सर्व कोठारे' की 'निवडक कोठारे' असा पर्याय समोर येतो, आणि ॲपला मिळणारे टोकन तासाभरात निकामी होऊन पुन्हा नवे घ्यावे लागते. दुसरा प्रकार उपलब्ध असेल तेथे पहिला स्वीकारू नये. 'निवडक कोठारे' निवडायला दहा सेकंद अधिक लागतात. सराफ गलाई कारागिराच्या हाती जिन्नस सोपवतो, तेव्हा तो तोलून देतो आणि परत घेताना पुन्हा तोलून घेतो. तिजोरी त्याच्यापुढे उघडी टाकून जेवायला जात नाही.

एक जोडणी तर कोणी करतच नाही, ती आपोआप होते, आणि तीच सर्वांत दुर्लक्षित आहे. क्लॉड कोड, कोडेक्स, जेमिनी सीएलआय यांसारखे साहाय्यक थेट वापरणाऱ्याच्या संगणकावर, आज्ञा देण्याच्या काळ्या चौकटीत चालतात. त्या संगणकावर गिटहबचे टोकन किंवा एसएसएच किल्ली आधीपासून साठवलेली असेल, तर साहाय्यकाला वेगळी परवानगी देण्याचा प्रश्नच येत नाही. तो मालकाच्या किल्लीने मालकाचेच दार उघडतो. खात्याला जोडलेली एसएसएच किल्ली सर्व कोठारांना चालते. असा साहाय्यक वापरायचा असेल तर संगणकावर त्याच्यासाठी वेगळा वापरकर्ता किंवा बंदिस्त 'कंटेनर' करावा आणि त्यात अरुंद अधिकाराचे एकच टोकन ठेवावे. प्रत्येक आज्ञेपूर्वी संमती विचारण्याची सोय या साधनांत असते. वारंवार येणाऱ्या प्रश्नांना कंटाळून ती बंद करण्याचा पर्यायही असतो, आणि कंटाळा ही या क्षेत्रातील सर्वांत महागडी गोष्ट आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये याचा पुरावा मिळाला. 'एनएक्स' या लोकप्रिय साधनसंचाच्या बनावट आवृत्त्या २६ ऑगस्ट रोजी काही तास वितरणात होत्या. ज्यांनी त्या उतरवून घेतल्या, त्यांच्या संगणकावरील गिटहबची टोकने, एसएसएच किल्ल्या आणि अन्य गुपिते त्या आवृत्तीने शोधली. नवल असे, की या शोधासाठी तिने त्याच संगणकावर आधीपासून असलेल्या कृत्रिम साहाय्यकांना, संमतीचे प्रश्न वगळण्याच्या सूचनेसह, कामाला लावण्याचा प्रयत्न केला. मिळालेला ऐवज बळी पडलेल्यांच्याच गिटहब खात्यांत नवी खुली कोठारे उघडून त्यांत ठेवण्यात आला. चोराने घरातल्याच नोकराला कपाटे उघडायला सांगावे आणि माल घरमालकाच्या ओसरीवर मांडावा, असा हा प्रकार होता.

वाचता वाचता फितणारा मदतनीस

किल्ली चोरीला गेलेली नाही, साहाय्यक बनावट नाही, कंपनी प्रामाणिक आहे, तरीही घात होऊ शकतो. हा धोका जुन्या संगणकप्रणालींत या रूपात नव्हता, म्हणून तो जरा सविस्तर पाहिला पाहिजे.

समजा, माण तालुक्यातील एका गावच्या तरुणाने गावातील दूध संकलन केंद्रासाठी आज्ञावली लिहिली आहे. कोणत्या सभासदाने किती लिटर दूध घातले, फॅट किती लागले, दहा दिवसांचे बिल किती झाले, याचा हिशेब ती ठेवते. या खासगी कोठारात चाचणीसाठी म्हणून सभासदांची नावे आणि बँक खाते क्रमांक असलेली एक धारिका पडून आहे. याच तरुणाचे दुसरे कोठार खुले आहे. गावोगावच्या पावसाच्या नोंदींचा आलेख काढणारी छोटी आज्ञावली त्यात आहे आणि जगातील कोणीही तेथे सूचना नोंदवू शकतो. तरुणाने साहाय्यकाला दोन्ही कोठारांची किल्ली दिली आणि सांगितले, 'पावसाच्या कोठारात आलेल्या सूचना पाहून घे.'

सूचनांपैकी एक कोणा अनोळखी व्यक्तीने लिहिलेली आहे. वरवर ती आलेखाच्या रंगांविषयी आहे. पण खाली असे लिहिले आहे, की या प्रकल्पाच्या लेखकाची अन्य कोठारेही तपासावीत आणि त्यांतील माहिती येथे नोंदवावी. माणूस हे वाचून हसला असता. साहाय्यकासाठी मात्र मालकाने दिलेली आज्ञा आणि वाचनात आलेला मजकूर हे दोन्ही शब्दच असतात. त्यांतील कोणता शब्द आज्ञा मानायचा आणि कोणता केवळ मजकूर, याची रेषा त्याला दरवेळी अचूक आखता येत नाही. तो खासगी कोठार उघडतो, सभासदांची यादी वाचतो आणि आज्ञाधारकपणे ती खुल्या कोठारातील प्रस्तावात लिहून ठेवतो. कोणतेही कुलूप तुटलेले नाही. प्रत्येक पाऊल दिलेल्या अधिकाराच्या आतच पडले आहे.

दूध केंद्र कल्पित आहे, हल्ला नाही. 'इन्व्हेरियंट लॅब्ज' या संस्थेच्या संशोधकांनी मे २०२५ मध्ये गिटहबच्या एमसीपी जोडणीवर याच मार्गाने खासगी कोठारातील माहिती बाहेर काढून दाखविली. सर्व्हरच्या कोडमधील एखादी चूक सुधारून हा दोष मिटणारा नाही, कारण तो साहाय्यकाच्या वाचण्याच्या रीतीतच आहे. या प्रकाराला 'प्रॉम्प्ट इंजेक्शन' म्हणतात. हे नाव २०२२ मध्ये रूढ करणारे संगणकतज्ज्ञ सायमन विलिसन यांनी जून २०२५ मध्ये त्याचे सूत्र मांडले. खासगी माहितीपर्यंत पोहोच, परक्याने लिहिलेल्या मजकुराचे वाचन आणि बाहेर काही पाठविण्याची सोय या तीन गोष्टी एकाच साहाय्यकाच्या ठायी एकत्र आल्या, की माहितीची चोरी शक्य होते. तिन्हींपैकी कोणतीही एक काढून घेतली तर हा मार्ग बंद पडतो.

'परक्याच्या सूचना ऐकू नकोस' असे साहाय्यकाला बजावून ठेवल्याने काम भागेल, असा अनेकांचा समज असतो. त्याचा उपयोग होतो; पण तो उपदेश आहे, कुलूप नव्हे. खात्रीचा इलाज किल्लीतच करावा लागतो. दूध केंद्राच्या कामासाठी जोडलेल्या साहाय्यकाकडे पावसाच्या कोठाराची किल्ली नसावी आणि पावसाच्या कोठारात वावरणाऱ्याकडे दूध केंद्राची. गिटहबचा एमसीपी सर्व्हर केवळ वाचनापुरता चालविण्याची आणि त्यातील मोजकीच साधने सुरू ठेवण्याची सोय आहे. नुसती पाहणी करून घ्यायची असेल तेव्हा तेवढेच द्यावे.

लिहू द्यावे, मिसळू देऊ नये

साहाय्यकाला लिहिण्याचा अधिकार दिल्याशिवाय त्याच्या मदतीला फारसा अर्थ उरत नाही, हेही खरे. तेव्हा लिहू द्यायचे ते कोठे, हा विचार करावा. गिटमध्ये मुख्य प्रवाहाला धक्का न लावता बाजूला शाखा काढता येते. साहाय्यकाने आपले बदल शाखेत करावेत, पुल रिक्वेस्टद्वारे ते सुचवावेत आणि मुख्य शाखेत मिसळण्याचे काम माणसाने वाचून करावे, ही रीत सर्वांत सुरक्षित. गिटहबमध्ये मुख्य शाखेला संरक्षण लावता येते. मग थेट लेखन, इतिहास पुसणारे लेखन आणि संमतीविना मिसळणे रोखले जाते. मात्र विनामूल्य वैयक्तिक खात्यात हे संरक्षण खुल्या कोठारांनाच लागते. खासगी कोठारासाठी सशुल्क योजना घ्यावी लागते. ती नसेल तर साहाय्यकाला कोठाराची निराळी प्रत देऊन तेथील बदल स्वतः तपासून मूळ ठिकाणी आणणे बरे.

गिटहबने मे २०२५ मध्ये स्वतःचा कोपायलट साहाय्यक स्वतंत्रपणे काम करण्यासाठी सादर केला, तेव्हा त्यावर घातलेली बंधने पाहण्यासारखी होती. त्याला आपल्या नावाच्या शाखेतच लिहिता येत होते. त्याच्या प्रस्तावावरील स्वयंचलित प्रक्रिया माणसाने मंजुरी दिल्याशिवाय सुरू होत नव्हत्या, बाह्य महाजालाशी त्याचा संपर्क मर्यादित होता आणि ज्याने काम सांगितले त्यालाच त्या कामाला अंतिम मान्यता देता येत नव्हती. साहाय्यक विकणाऱ्या कंपनीनेच जर त्याला इतके बांधून ठेवले असेल, तर इतरांनी त्याला मोकळा सोडण्याचे कारण दिसत नाही.

स्वयंचलित प्रक्रियांचा म्हणजे 'गिटहब ॲक्शन्स'चा विषय येथे वेगळा सांगावा लागेल. या प्रक्रिया चालविणाऱ्या धारिका कोठारातच असतात आणि त्यांना सर्व्हरच्या किल्ल्या वगैरे गुपिते हाताळता येतात. साहाय्यकाला या धारिका बदलण्याचा अधिकार दिला, तर तो वळसा घालून त्या गुपितांपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून 'वर्कफ्लो', 'सीक्रेट्स' आणि 'ॲडमिनिस्ट्रेशन' या तीन ओळींपुढे टोकन बनविताना काहीही निवडू नये.

किल्ली उघड्यावर पडते तेव्हा

साहाय्यकाशी जोडणी करताना टोकन कोठेतरी लिहून ठेवावे लागते. बहुधा एखाद्या मांडणी-धारिकेत. तीच धारिका चुकून कोठारात जाते आणि कोठार खुले असेल तर जगापुढे येते. ही चूक नवशिक्यांचीच असते असे नाही. टोयोटा कंपनीच्या 'टी-कनेक्ट' सेवेच्या कोडचा काही भाग एका कंत्राटदाराकडून डिसेंबर २०१७ मध्ये गिटहबवर खुला राहिला. त्यात माहितीसाठ्याची किल्ली होती. सप्टेंबर २०२२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच वर्षे, ते कोणाच्या लक्षात आले नाही. २,९६,०१९ ग्राहकांचे ई-मेल पत्ते उघडे पडले असण्याची शक्यता कंपनीने मान्य केली. उबर कंपनीत २०१६ मध्ये याहून विपरीत घडले. हल्लेखोर तिच्या खासगी कोठारात शिरले, तेथे त्यांना ॲमेझॉनच्या सर्व्हरची किल्ली मिळाली आणि ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती त्यांच्या हाती लागली. खासगी कोठार म्हणजे तिजोरी नव्हे, हे तेव्हापासून स्पष्ट आहे. गुपित कोडमध्ये असूच नये. ते 'ईएनव्ही' धारिकेत ठेवून ती धारिका गिटच्या नोंदीतून वगळावी.

टोकन उघड झाल्याचे लक्षात येताच पहिले काम ते रद्द करण्याचे. पुष्कळ जण आधी ती ओळ पुसतात आणि निर्धास्त होतात. गिटचा स्वभावच काही न विसरण्याचा आहे. पुसलेली ओळ मागील नोंदींत तशीच राहते आणि कोणी प्रत घेतली असेल तर तेथेही. गिटहबवरील खुल्या कोठारात गिटहबचेच टोकन आढळले तर संकेतस्थळ ते आपणहून रद्द करते, आणि २०२४ पासून खुल्या कोठारांत ओळखू येणारी गुपिते चढविण्याआधीच अडविली जातात. परक्या सेवेची किंवा अनोळखी धाटणीची किल्ली मात्र या जाळ्यातून निसटू शकते.

आपल्याकडून कोणतीही चूक न होताही किल्ली जाऊ शकते, हे २०२५ च्या 'सेल्सलॉफ्ट ड्रिफ्ट' प्रकरणाने दाखवून दिले. ड्रिफ्ट हा कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ग्राहकांशी बोलणारा कृत्रिम संवादक. हल्लेखोरांनी त्या वर्षी मार्च ते जून या काळात सेल्सलॉफ्टच्या गिटहब खात्यात प्रवेश मिळवला. तेथून पुढे सरकत ड्रिफ्टकडे असलेली ग्राहक-कंपन्यांची टोकने त्यांनी मिळविली आणि ऑगस्टमध्ये त्या टोकनांनी शेकडो कंपन्यांच्या सेल्सफोर्स खात्यांतील माहिती उपसली. क्लाउडफ्लेअर, झीस्केलर, पालो आल्टो नेटवर्क्स अशा सुरक्षा क्षेत्रातील नामवंत कंपन्याही त्यातून सुटल्या नाहीत. यांपैकी एकाही कंपनीचा परवलीचा शब्द चोरावा लागला नाही. साहाय्यकाला दिलेली किल्ली त्याच्या घरून चोरीला गेली, तर तिने किती दारे उघडतात, एवढाच प्रश्न अशा वेळी उरतो.

साहाय्यकाच्या कंपनीकडे कोड जातो, त्याचे पुढे काय होते, हाही प्रश्न आहेच. सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी अंतर्गत कोड चॅटजीपीटीत चिकटवल्याचे उघड झाल्यावर मे २०२३ मध्ये कंपनीने अशा साधनांच्या वापरावर बंदी घातली होती. वैयक्तिक आणि व्यावसायिक योजनांचे नियम वेगळे असतात. दिलेला मजकूर नव्या प्रारूपांच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाईल की नाही, हे सेटिंग्जमध्ये जाऊन पाहावे लागते. नोकरीच्या ठिकाणचा कोड तर मालकाच्या लेखी संमतीशिवाय वैयक्तिक साहाय्यकाला जोडूच नये. ती मालमत्ता जोडणाऱ्याची नसते.

दूध केंद्राच्या तरुणाने मग काय करावे? सभासदांची खरी यादी कोठारातून काढून टाकावी, मागील नोंदींतूनही, आणि चाचणीसाठी बनावट नावे व क्रमांक घालावेत. खात्याला दुहेरी पडताळणी किंवा 'पासकी' लावावी. साहाय्यकासाठी त्या एकाच कोठाराचे फाइन-ग्रेन्ड टोकन काढावे : धारिका आणि पुल रिक्वेस्ट यांवर वाचन-लेखन, बाकी काही नाही, मुदत तीस दिवस, आणि टोकनला कोणत्या कामासाठी काढले ते सांगणारे नाव द्यावे. 'सेटिंग्ज'मधील 'ॲप्लिकेशन्स' या पानावर पूर्वी कधीतरी जोडलेल्या आणि विसरलेल्या सेवांची यादी असते, ती त्याच बैठकीत छाटावी. 'सिक्युरिटी लॉग'मध्ये मागील नव्वद दिवसांतील हालचाली दिसतात. आपण न केलेली एखादी कृती तेथे आढळली, तर सर्व टोकने रद्द करून नव्याने सुरुवात करावी. गिटहब वर्षभर न वापरलेली टोकने आपणहून काढून टाकते. रोज वापरात असलेले टोकन मात्र, ते मालक वापरत असो वा आणखी कोणी, मुदत संपेपर्यंत चालूच राहते.